बोलायची मुभा असलेला एकच माणूस

लग्नाला तीस वर्षं होत आली तरी आपली बायको ऑफिसात नेमकं काय करते, हे जयतीर्थांना माहीत नव्हतं. गवीपूरमच्या गल्लीत कुणी विचारलंच तर ते सांगत, "सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये आहे. काय करते ते तिलाच विचारा, आणि तिनं सांगितलं तर मलाही कळवा." लोक हसत. वसुमतीही हसे आणि पदराला हात पुसत आत जाई.

तिचा स्वभाव गप्प राहण्याचा होता असं नाही. नोकरीच तशी होती. संरक्षण खात्यासाठी लागणाऱ्या वस्तू जिथं तपासल्या जातात अशा एका सरकारी प्रयोगशाळेत ती तांत्रिक अधिकारी होती. सकाळी फाटकावर मोबाइल जमा करायचा, लाल पट्टीचं ओळखपत्र गळ्यात अडकवायचं, आणि संध्याकाळी निघताना दिवसभराचं सगळं डोक्यातनं तिथंच उतरवून ठेवायचं. इतर बायका ऑफिसातल्या कटकटी घरी आणतात आणि शेंगा सोलता सोलता मोकळ्या होतात. वसुमतीला ती सोय नव्हती. साहेब ओरडले हे सांगता आलं असतं, पण कशावरनं ओरडले ते सांगता येत नसे, आणि अर्धी कटकट सांगण्यात कसली मजा?

एरवी ती बोलकी. माहेर चिकपेटेतलं. शहाजीराजांच्या मागोमाग जी मराठी घराणी या मुलखात आली आणि इथलीच झाली, त्यांतलं एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मधला बांध स्वल्प पुसट. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचा एक नेम होता, थोरल्याच्या विरुद्ध जायचं असेल तर आधी त्याच्या दारात जाऊन तसं सांगायचं. पाठीमागनं काही करायचं नाही. वसुमती एकुलती एक, भाऊ नाही, म्हणून हा नेम वारशानं तिच्याकडं आला असं म्हणायचं.

भाऊ मिळाला तो प्रयोगशाळेत. गुरुप्रसाद पुण्याहून आले तेव्हा ती नोकरीत नवी होती, ते तिच्याहून चारेक वर्षांनी मोठे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिची टर उडवली होती.

"वसुमतीबाई, तुमचं मराठी ऐकलं की पुरणपोळीवर सांबार ओतल्यासारखं वाटतं."

"तुमच्यात पोळीच नाही, सर," ती म्हणाली होती. "नुसतं इंग्रजी, आणि वर मराठीचं तूप."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. पुढं एका दिवाळीत गुरुप्रसादांना रजा मिळाली नाही, सख्खी बहीण पुण्यात राहिली, आणि त्यांची बायको विद्या त्यांना ओढतच गवीपूरमला घेऊन आली. म्हणाली, "यांना ओवाळा हो, सकाळपासून तोंड पाडून बसलेत." वसुमतीनं पाट मांडला. तेव्हापासून भाऊबीज कधी चुकली नाही. जेवणात तिच्या हातचं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, असलंच पाहिजे, हा गुरुप्रसादांचा हट्ट. फाटकाच्या आत ते सर, घरी अण्णा, कन्नडमध्ये थोरल्या भावाला म्हणतात तसं. विद्या तिला 'वन्सं' म्हणे, आधी चेष्टेनं आणि मग सवयीनं. इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सुप्रीताचं अर्धं बालपण गेलं. सुप्रीता म्हणजे वसुमतीची मुलगी. आता ती सर्जापूर रोडला राहते, कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे आणि रविवारी आईकडं जेवायला येते.

पण या नात्याला आणखी एक बाजू होती, ती विद्याला किंवा जयतीर्थांना कधी समजली नसती. गुरुप्रसाद आणि वसुमती एकाच प्रकल्पावर होते, दोघांची पट्टी लाल. म्हणजे कामाचं जे काही तिच्या पोटात साठत होतं, ते ज्याच्यापाशी बोलायची सरकारी मुभा होती असं आपलं माणूस जगात एकच होतं. कँटीनमागच्या जांभळाखाली चहाचे कप घेऊन ते उभे राहत. नवऱ्यापाशी जे बोलता येत नाही ते या भावापाशी बोलून ती हलकी होऊन घरी जाई. घरातली शांतता त्या जांभळाखालच्या बोलण्यावर उभी होती म्हटलं तरी चालेल.

गेल्या श्रावणात एक खेप तपासायला आली. वस्तू काय होती ते वसुमतीनं कधी कुणाला सांगितलं नाही, तेव्हा आपणही विचारायला नको. अंगावर चढवायची वस्तू होती आणि गोठवणाऱ्या थंडीत, उंचावर, आतल्या माणसाचा श्वास तिच्यावर अवलंबून असणार होता, एवढंच पुरे. वसुमतीनं नमुने कोल्ड चेंबरमध्ये ठेवले. बाहेर काढले तेव्हा त्यांच्या रबरी कड्यांना भेगा गेल्या होत्या. तिनं तसा अहवाल दिला. दोन आठवड्यांनी तिच्यापुढं दुसरा अहवाल सहीला आला. त्यात म्हटलं होतं की नमुन्यांची फेरतपासणी झाली आणि ते समाधानकारक आढळले.

वसुमती गोंधळली. चेंबर चाललं की त्याच्या बाहेरच्या अंगणातल्या पाइपावर पांढरी साय धरते, अगदी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात धरते तशी. तिच्या टेबलाजवळच्या खिडकीतून तो पाइप समोरच दिसे. त्या दोन आठवड्यांत पाइपावर साय धरलेली तिनं पाहिली नव्हती.

जांभळाखाली तिनं गुरुप्रसादांना विचारलं, "अण्णा, पाइप कोरडा होता ना?" कामाच्या जागी ती अण्णा म्हणत नसे, त्या दिवशी तोंडातनं निघून गेलं.

"कोरडा ठणठणीत," ते म्हणाले. "मीही पाहिलाय. डायरेक्टरांना खेप दसऱ्याआधी बाहेर काढायचीय, बाकी काही नाही."

तिनं सही केली नाही. सही दुसऱ्या कुणाची तरी घेतली गेली. ती डायरेक्टरांकडं गेली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, यू आर ओव्हर-थिंकिंग," आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत विषय बदललेला होता.

त्या दिवसांत घरी एक गंमत झाली. वसुमतीनं कुकरची रिंग बदलली, आठ दिवसांनी पुन्हा बदलली, आणि मग तिसरी आणली. जुनी रिंग उजेडात धरून, दोन्ही हातांनी ताणून ती बघत बसे. जयतीर्थ जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, त्यांनी ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. फक्त तिसऱ्या रिंगेच्या वेळी म्हणाले, "वसू, भेगा पडलेली रिंग कुणी मुद्दाम बसवतं का गं?"

ती एकदम त्यांच्याकडं वळली.

"मी कुकरचंच म्हणतोय," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

रविवारी सुप्रीता आली तेव्हा वसुमतीनं आडवळणानं विषय काढला. एका मैत्रिणीच्या ऑफिसात काही चुकीचं चाललंय, गुपित खातं आहे, तिनं कुठं सांगावं?

"आई, तुला मैत्रीण कुठली?" सुप्रीता म्हणाली. पण फोन काढला तिनं. वाचून दाखवलं की गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेनं कधीच पास केलाय, राष्ट्रपतींची सहीही झालीय, पण तो लागू कधीपासून, ती तारीख काही जाहीर झालेली नाही.

"म्हणजे लग्न झालं आणि नांदायला पाठवलं नाही," जयतीर्थ म्हणाले.

"आणि गुपितं बाहेर नेलीत तर पकडायचा कायदा?" वसुमतीनं विचारलं.

"तो इंग्रजांच्या काळापासून नांदतोय." सुप्रीता फोनवर बोट सरकवत राहिली. मग म्हणाली, "एक सरकारी ठराव आहे पण. दिल्लीच्या दक्षता आयोगाला बंद पाकिटात लिहायचं, वर ठरावीक शब्द घालायचे, पाकिटावर आपलं नाव नाही. नाव फक्त आतल्या कागदावर, आणि ते आयोग गुप्त ठेवतो. मात्र आपणच कुठल्या अधिकाऱ्याला आपलं नाव सांगितलं असेल, तर मग त्यांची जबाबदारी नाही." तिनं फोन ठेवला. "सांग तुझ्या मैत्रिणीला. आणि म्हणावं तोंड बंद ठेव."

"तोंड बंद ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही," जयतीर्थ म्हणाले.

वसुमतीनं तक्रार लिहिली ती घरी, देवघरापाशी बसून. कशाला हात लावायचा नाही हे तिला इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्या पानभर मजकुरात वस्तूचं नाव नव्हतं, आकडा नव्हता, कागदाची नक्कल तर नव्हतीच. अमुक खेपेची फेरतपासणी झाली असं दाखवलं गेलं, त्या काळात चेंबर चाललेलं नाही, खात्री करून घ्यावी, एवढंच. शेजारणीला सासूबद्दल लिहितानाही कुणी यापेक्षा जास्त उघड केलं असतं.

पाकीट बंद करून झालं आणि तिला झोप येईना. अधिकाऱ्याला सांगायचं नाही, हे सुप्रीतानं वाचलेलं तिनं नीट ऐकलं होतं. पण तिच्या मनात अधिकारी म्हणजे डायरेक्टर. गुरुप्रसाद एका विभागाचे प्रमुख आहेत, तेही अधिकारीच, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. बहिणीच्या डोक्यात भावाचा हुद्दा येत नाही. तिला सलत होतं ते वेगळंच. उद्या चौकशी आली तर त्यांनाही विचारतील, कारण पाइप त्यांनीही पाहिलाय. त्यांना आधी न सांगता हे करायचं? अण्णांनी, तिच्या वडिलांनी, असं करू दिलं नसतं.

म्हणून ती इंदिरानगरला गेली. विद्या भाजीला खाली उतरली होती. वसुमतीनं सगळं सांगितलं. गुरुप्रसाद बाल्कनीतल्या तुळशीची वाळकी पानं खुडत राहिले. मग म्हणाले, "बरोबर करतेयस तू. कुणीतरी करायला हवंच होतं." आणि पुढं, "फक्त घराजवळच्या पेटीत टाकू नकोस. शिक्का पडतो. के. आर. पुरमला जा, स्टेशनपाशी. तिथं कोण कुणाला ओळखतंय?"

तिला तो आशीर्वाद वाटला. शनिवारी मेट्रोनं के. आर. पुरमला जाऊन, रेल्वेतून उतरलेल्या गर्दीत मिसळून तिनं पाकीट पेटीत टाकलं. येताना कितीतरी दिवसांनी तिनं मोगऱ्याचा गजरा घेतला.

काही दिवसांनी आयोगाचं पत्र आलं, तक्रार तुमचीच ना याची खात्री करून घेणारं. तिनं होकार कळवला. मग सगळं शांत होतं.

नवरात्रात तिला सुरक्षा अधिकाऱ्यांनी बोलावलं. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, बोलायला अत्यंत गोड. त्यांनी कॉफी मागवली, मुलीची चौकशी केली, घरी गोंबे मांडता का, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्या, ते विचारलं. मग म्हणाले की प्रयोगशाळेतली गोपनीय माहिती बाहेर गेल्याचा संशय आहे, तुम्हाला काही ठाऊक आहे का? तिनं नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं, तिच्या हातून गोपनीय असं काही बाहेर गेलंच नव्हतं. त्यांनी मान डोलावली. ती उठली. दारापर्यंत गेली तेव्हा मागून त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मॅडम, घराजवळ एवढं चांगलं पोस्ट असताना के. आर. पुरमला कशाला गेलात?"

वसुमतीला पुढं आठवे ते हे, की त्या क्षणी तिला भीती वाटली नव्हती. दाराची कडी पितळेची होती आणि ती घासून कुणी चकचकीत ठेवली असेल, असा काहीतरी विचार तिच्या मनात आला होता.

संध्याकाळी बसमध्ये तिनं भावाला वाचवायला सुरुवात केली. स्टेशनवर कॅमेरे असतात. ओळखीच्या कुणी पाहिलं असेल. मेट्रोच्या कार्डावरनं हल्ली सगळं कळतं. एकेक शक्यता ती हातात घेई आणि घरापर्यंत पोचेतो ती आपोआप गळून पडे, कारण कॅमेऱ्याला ती दिसली असेल, पण दिसलेल्या बाईला शोधायचं आहे हे कॅमेऱ्याला कुणी सांगितलं? दुसऱ्या दिवशी गुरुप्रसाद तिला व्हरांड्यात समोरून येताना दिसले. ते थांबले, खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

दसऱ्यानंतर तिला दोन कागद मिळाले. एकात गोपनीय माहिती अनधिकृतपणे बाहेर नेल्याबद्दल खुलासा मागितला होता, आणि त्या जुन्या कायद्याचं नाव घातलं होतं. दुसरा बदलीचा. तिची लाल पट्टी काढून घेतली, पांढरी दिली आणि तिला हिंदी कक्षात बसवलं. सरकारी ऑफिसांत राजभाषेचा एक कक्ष असतो. तिथं कागदांची भाषांतरं होतात आणि रोज सकाळी फळ्यावर 'आज का शब्द' लिहिला जातो, एक हिंदी शब्द आणि शेजारी त्याचा इंग्रजी अर्थ. गेली काही वर्षं तो फळा एक कारकून लिही. आता ते काम वसुमतीकडं आलं. जिच्या मराठीला लोक सांबार म्हणत, तिनं केंद्र सरकारची हिंदी सुधारायची होती.

घरी मात्र याचा एक विलक्षण परिणाम झाला. तीस वर्षांत पहिल्यांदा जयतीर्थांना ती ऑफिसात काय करते ते कळलं. संध्याकाळी ती आली की ते विचारत, "आज काय शब्द?" आणि ती सांगे, 'अनुस्मारक' किंवा 'पृष्ठांकन'. बदली का झाली, हे ते विचारत नसत. फक्त एकदा म्हणाले, "या वर्षी गुरुप्रसादअण्णांचा फोन नाही आला दसऱ्याला."

"नाही आला," ती म्हणाली.

भाऊबीजेला ते येणार नाहीत असं तिनं धरलं होतं, तरी चित्रान्न केलं. नेहमीच्या वेळी दारात चपला वाजल्या. विद्या पुढं, हातात चिरोट्यांचा डबा, आल्या आल्या तिची बडबड सुरू, की हे हल्ली जेवत नाहीत, यांना जरा दटावा हो वन्सं, तुमचंच ऐकतात. तिला काही माहीत नव्हतं. कसं असणार? तिच्या घरीही ऑफिसातलं काही सांगायचं नसतंच. ती जयतीर्थांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली, पापड तळायला.

गुरुप्रसाद पाटावर बसले. वसुमतीनं तबकातलं निरांजन लावलं आणि तबक हातात घेतलं.

"वसू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "दिल्लीहून चौकशी अधिकारी येतायत पुढच्या महिन्यात. तुला विचारतील, नाव कुणाला सांगितलं होतं का. नाही म्हण. टेक्निकली तेच तुझ्या फायद्याचं आहे. नाही म्हणालीस तर तुझं प्रोटेक्शन राहतं, त्यांना तुझी बदली रद्द करावी लागेल, तो मेमोही. मी सगळं वाचून काढलंय."

ते खरं होतं, हेच त्यातलं वाईट होतं. एका खोट्या वाक्यानं ती वाचत होती आणि तेही वाचत होते.

"तुम्ही डायरेक्टरांना माझं नाव का सांगितलंत?"

"मी नाव घेतलं नाही. दिल्लीहून विचारणा आली तेव्हा ते माझ्याकडं बघून म्हणाले, वसुमती का? मी गप्प राहिलो."

"आणि के. आर. पुरम?"

गुरुप्रसादांनी पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. "बोलण्यात येऊन गेलं. माझी सेवावाढ त्यांच्या हातात आहे, वसू. साठीला आलोय मी."

निरांजनाची ज्योत सरळ होती. आत विद्या जयतीर्थांना सांगत होती की पापड असे जाळू नका हो, द्या इकडं.

"पाइप कोरडा होता की नव्हता?" वसुमतीनं विचारलं.

"आता त्याचं काय?"

"तेवढं एक सांगा, अण्णा. कोरडा होता ना?"

"मला आठवत नाही," गुरुप्रसाद म्हणाले.

नाव सांगितलं, ते तिनं कसंतरी गिळलं असतं. माणूस भितो, भित्रा भाऊ हाही भाऊच. पण ते तीन शब्द ऐकले आणि तिच्या लक्षात आलं की आपण वाचावं असं त्यांना वाटतं ते एकटीनं, त्यांच्या साक्षीवाचून, म्हणजे चौकशीत एका बाईचा शब्द एकीकडं आणि अख्खी प्रयोगशाळा दुसरीकडं. दोघांनी पाइप पाहिला होता, हे कुठंच यायला नको होतं. आणि दसरा उलटला तरी ती खेप अजून गोदामात होती. कुणाच्या तरी अंगावर चढायची होती.

तिनं तबक देवापुढं नेऊन ठेवलं. ओवाळलं नाही.

"उठा," ती म्हणाली. "जेवायला वाढते."

ते जेवले नाहीत. चपला घालून खाली जाऊन उभे राहिले. विद्या हातात पापडांचं ताट घेऊन बाहेर आली, रिकाम्या पाटाकडं बघितलं, अक्षता तशाच असलेल्या तबकाकडं बघितलं.

"वन्सं, काय झालं?"

वसुमतीनं तोंड उघडलं. सांगायला लागावं तर कुठून? पट्टी लाल की पांढरी, विद्याच्या गळ्यात कुठलीच नव्हती. "काही नाही, वहिनी," ती म्हणाली.

"भाऊबीजेला पाटावरनं उठवलंत त्यांना," विद्या हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "इतक्या वर्षांचं. आणि मला म्हणता, काही नाही." चिरोट्यांचा डबा तिथंच राहिला. तो स्टीलचा डबा धुऊन, पुसून वसुमतीनं ओट्यावर ठेवला, तो अजून न्यायला कुणी आलेलं नाही.

चौकशी अधिकारी ही एक मध्यमवयीन बाई होती, सर्दी झालेली, दमलेली, पण ऐकून घेणारी. तिनं चेंबरबद्दल विचारलं, खिडकीबद्दल विचारलं, सगळं लिहून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाली की एक प्रश्न मला विचारावाच लागतो, आणि उत्तर देण्याआधी तुम्ही नीट विचार करा. तक्रारदार म्हणून आपलं नाव तुम्ही स्वतः कुठल्या अधिकाऱ्याला सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर नाव गुप्त ठेवण्याचा ठराव तुम्हाला लागू होत नाही. तुमच्यावर इथं जी कारवाई झालीय, तिच्यात मग मला फारसं काही करता येणार नाही.

"सांगितलं होतं," वसुमती म्हणाली.

"कुणाला?"

तिनं पूर्ण नाव सांगितलं, हुद्द्यासकट. "पाइप कोरडा असल्याचं त्यांनीही पाहिलंय. कँटीनमागं मला तसं म्हणाले होते. त्यांना समोर बसवून विचारा. आठवत नाही म्हणतील. पुन्हा विचारा."

बाईनं लिहिताना वर पाहिलं. "ते तुमचे कोण?"

वसुमतीनं थोडा विचार केला. "वरिष्ठ," ती म्हणाली.

नंतर काय झालं, ते तिला कुणी कळवलं नाही. पांढऱ्या पट्टीला काही कळवायचं नसतं. गुरुप्रसादांना दोनदा बोलावलं, दुसऱ्या वेळी ते बऱ्याच उशिरा बाहेर आले, एवढं शिपायाकडनं कानावर आलं. त्यांची सेवावाढ झाली नाही असं कुणी म्हणे, झाली असंही कुणी म्हणे. तिच्यावरचा मेमो मात्र कायम राहिला. खुलाशाला उत्तर नाही, उत्तराला निकाल नाही, असा तो लोंबकळत राहिला आहे. सुप्रीता म्हणते वकील गाठू. जयतीर्थ म्हणतात, सरी, म्हणजे बरं, गाठू. दिवाळीनंतर विद्याचा एकही फोन नाही. एकदा मल्लेश्वरमच्या बाजारात ती समोरून आली आणि फुलवाल्याशी बोलायला वळली.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी वसुमती फळा पुसत होती. हिंदी कक्षाच्या जिन्यापाशी एक झरोका आहे, त्यातून चेंबरच्या अंगणाचा एक कोपरा दिसतो. ओलं फडकं पिळायला ती तिकडं वळली आणि थांबली. पाइपावर पांढरी साय धरली होती. चांगली जाड, बोटभर, कोवळ्या उन्हात तिच्यावरनं वाफ निघत होती. कुणीतरी चेंबर चालवत होतं. खेप पुन्हा तपासली जात होती, आणि रबरी कडी कशी निघणार हे तिला जितकं माहीत होतं तितकं आत उभ्या असलेल्यांनाही अजून माहीत नव्हतं.

हे कुणाला तरी सांगावं असं तिला अनिवार वाटलं, आणि पाय सवयीनं कँटीनच्या दिशेला वळले. चार पावलांवर ते तिचे तिनंच थांबवले. परत येऊन तिनं खडू घेतला आणि त्या दिवसाचा शब्द लिहिला.

संध्याकाळी जयतीर्थांनी दार उघडलं. "आज काय शब्द?"

"अनुपालन. कम्प्लायन्स," ती म्हणाली. चपला काढून ती स्वयंपाकघरात गेली, कुकर हातात घेतला, पुन्हा ठेवला. "ऑफिसात आज फार थंडी होती हो."

बाहेर गल्लीत पोरं उघड्या अंगानं क्रिकेट खेळत होती. जयतीर्थांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडं. त्यांनी तिच्या हातातलं कुकरचं झाकण घेतलं, रिंग नीट बसलीय का ते अंगठा फिरवून बघितलं, आणि भात लावला.